उलटा दोरा

५ जानेवारी

हुकूम सुटला! सासऱ्यांनी सकाळी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, नदीवर यायचंय ना? मग आधी माशी बांधायला शिका."

माशी म्हणजे खरी नव्हे. गळावर दोरा, पिसं आणि सशाची लव गुंडाळून केलेली नकली माशी. मासा फसतो, झडप घालतो आणि अडकतो. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नदीवर जाणाऱ्या चौकडीचा नियम असा, की ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेल्या माशीवरच मासा धरायचा. विकतची चालणार नाही, उसनी तर नाहीच नाही. मागे एका विमा एजंटानं दुकानातली माशी लावली, तर बाबांनी त्याला अर्ध्या वाटेत जीपमधून उतरवलं होतं. बिचारा चालत घरी आला. नियमही बाबांचाच.

मी पाणीपुरवठा कचेरीत नकाशे काढतो. त्या नदीचं वळण न् वळण मला पाठ आहे. पण तिच्यात पाय बुडवलाय का कधी? नाव नको! दर मोसमात जीप आमच्या दारावरून जाते आणि मी गॅलरीतून हात हलवतो. यंदा त्या जीपमध्ये बसायचंच.

आणखी एक गोष्ट, ती फक्त इथेच लिहितो. बाबा माझ्याकडे सरळ बघत नाहीत. बोलतात माझ्याशी, नजर मात्र खिडकीकडे, नाहीतर माझ्या कानापलीकडे कुठेतरी. लग्नाच्या वेळी डोळे वटारून का होईना, बघत तरी होते. गेलं वर्षभर तेही बंद! बायको म्हणते, "तुझं आपलं काहीतरीच." असेल. पण एकदा त्यांनी समोर बघून "चला" म्हणावं, एवढंच मला हवंय.

७ जानेवारी

हत्यारांची खरेदी. पेठेत एक दुकान आहे. गळ, काठ्या, पिसांच्या पुड्या, सगळा त्याच धंद्यातला माल. मालकाला सगळे गळवालाच म्हणतात. मला एक मखमली पेटी फार आवडली, आत सगळी हत्यारं ओळीनं झोपलेली! बाबांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. "पेटीला मासे लागत नाहीत. सुटी घ्या."

आधी व्हाइस. टेबलाला बसवायचा, त्याच्या जबड्यात गळ धरायचा. "जबडा दाखवा," म्हणाले. जन्मभर लोकांचे दात काढले, सवय जाते थोडीच! जबडा मिटवला, स्वतःचे डोळेही मिटले आणि फटीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "एका बाजूनं वर आहे. गळ निसटणार. दुसरा काढा." दुसराही नापास. तिसऱ्याला म्हणाले, "हा निरोगी."

डोळे मिटून! मी थक्क. याला म्हणतात हात बसणं.

मग कात्री. ओला पातळ कागद घेऊन टोकानं कापून बघायचा. टोकाशी चावत असेल तर परत, कारण माशीचं सगळं काम टोकाशी. कडी बोटात सैल हवी, म्हणजे काम करताना कात्री हातातच राहते, खाली ठेवायची नाही. मी डावखुरा. गळवाल्यानं कुठूनतरी डावी कात्री शोधून काढली, फुंकर मारली तर धुळीनं दोघांना शिंका आल्या. "बापाच्या काळापासून गिऱ्हाइकाची वाट बघतेय," म्हणाला.

दोऱ्याचं रीळ धरायला बॉबिन, म्हणजे दोन तारेचे पाय आणि मध्ये बारीक नळी. दोरा त्या नळीतून येतो. पीस धरायला बारीक चिमटा. शेवटची गाठ मारायला एक आकडा. आणि गाठीवर वार्निशचा थेंब लावायला सुई? "ती घरातली घ्या. मागे बाटलीचं बूच खोचा, झाली मूठ."

८ जानेवारी

बायकोची सुई घेतली. विचारायला हवं होतं.

१३ जानेवारी

पहिली माशी!! माशी कसली, झुरळ पाण्यात पडून फुगलेलं.

आमची बैठक बाबांच्या जुन्या दवाखान्यात, घराच्या पुढच्या खोलीत. पेशंटची खुर्ची अजून तिथेच आहे, वरचा दिवाही. मला त्या खुर्चीत बसवतात. "तोंड मिटा, हात चालवा!" स्वतः शेजारच्या स्टुलावर, भिंतीला टेकून.

डाव्या हातानं मी दोरा उलटा गुंडाळतो. सगळं जग गळावरून पलीकडे नेतं, मी अलीकडे आणतो. वरून तांब्याची बारीक तार फिरवायची असते, अंगाला पट्टे दिसावेत म्हणून. बाबांच्या जुन्या माशीवर ती स्क्रूच्या आट्यांसारखी एका बाजूला झुकलेली, माझ्या माशीवर नेमकी दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, उजव्या हातानं शिकू का? तर म्हणाले, "हात तुमचा, तार तुमची. मासा तिची दिशा बघत नाही. माणसं बघतात."

माशी चिमटीत धरली, बोट फिरवलं, बाद डब्यात टाकली. बाद डबा म्हणजे बिस्किटांचा जुना डबा. "ब्लेडनं सोलतो आणि गळ परत वापरतो," म्हणाले. बरं वाटलं नाही. पण वाया तरी जात नाही.

२२ जानेवारी

घात झाला. चांगल्या कात्रीनं तांब्याची तार कापली.

बाबा शेजारच्या खोलीत पेपर ऐकत होते. आई, म्हणजे सासूबाई, वाचून दाखवतात आणि हे ऐकतात, अगदी संस्थानिकासारखे. तिकडून ओरडले, "कशानं कापलं ते?" मी म्हटलं, "जुन्या कात्रीनं." ते म्हणाले, "जुनी कुर्र करते. ही टच् वाजली." पकडला गेलो! आले, कात्री हातात घेतली, पात्यावर नख फिरवलं आणि अचूक त्या खाचेवर थांबले.

आता फर्मान: तारेची कात्री वेगळी, तिच्या कड्याला लाल दोरा बांधायचा. चांगली कात्री फक्त दोरा, पीस, लव. दोऱ्याचं चिकटलेलं मेण स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, सांध्यावर तेलाचा एक थेंब. दुसरा थेंब पडला की पिसं तेलकट होतात आणि माशी बुडते. धार लावायला कात्री गळवाल्याकडे टाकली.

आई हळूच म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरातल्या कात्रीनं तार कापली असती, तर मी काहीच बोलले नसते हो." गुणाची माणसं मला सासरीच भेटली.

२३ जानेवारी

बाबा बोलले नाहीत. खिडकीशी बोलले.

४ फेब्रुवारी

पिसाचा चिमटा निसटतो. पीस गळाभोवती शेवटच्या फेऱ्यात यावं आणि फट्! सगळं उलगडतं. तीनदा झालं. चौथ्यांदा मी असा शब्द वापरला की आतून बायको खोकली.

बाबा हसले! मोठ्यानं हसले. मग सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मागवली, बोटभर तुकडा कापून चिमट्याच्या एका जबड्यावर चढवला. "कवळी बसवली. आता चावेल, पण तोडणार नाही." खरंच! पीस गुमान फिरलं.

आजची माशी चक्क माशीसारखी दिसते. राखाडी अंग, तांब्याचे पट्टे, मानेशी पिसांची झालर. बाबांनी डोळे मिटून बोट फिरवलं, झालर ओठाला लावून बघितली. बराच वेळ. "हीच परत बांधा. अशाच."

पुढे? बाद डबा. अरे देवा.

१२ फेब्रुवारी

दोरा तुटतो. सारखा तुटतो. आधी वाटलं हात जड झाला. मग वाटलं दोरा शिळा. नवं रीळ आणलं, तेही तुटलं. कचेरीतही चिडचिड. साहेबांना म्हटलं, "नळीतच दोष आहे," ते म्हणाले, "कुठल्या वॉर्डातल्या?"

बाबांनी बॉबिन कानाशी धरलं आणि दोरा ओढला. "कुरकुरतेय. नळीच्या तोंडाशी बारीक कंगोरा आलाय. तुम्ही आत काय घातलं होतंत?"

मेण अडकलं होतं म्हणून टाचणी घातली होती. स्टीलची टाचणी! तोंड खरवडलं गेलं. स्वतःच करायचं आणि वर दोऱ्याला शिव्या द्यायच्या! मेण काढायला नायलॉनचा दुमडलेला तुकडा आत घालून ओढायचा, धातू कधीच नाही. "हिरडीला टाचणी लावता का? मग हिलाही नाही. रोज दात घासता तशी नळी साफ करायची." दात घासण्याचं प्रवचन माफ, नवं बॉबिन घेतो. या वेळी काचेसारख्या गुळगुळीत तोंडाचं.

२६ फेब्रुवारी

रविवार हा हत्यारांच्या आंघोळीचा दिवस. व्हाइसचा जबडा ब्रशनं झाडायचा, स्क्रू सैल करून ठेवायचा, रात्रभर ताणून ठेवला की स्प्रिंग मरते. सुईवरचं वाळलेलं वार्निश खरवडायचं. गाठीचा आकडा चाचपायचा, वाकला तर नाही ना. मला हे सगळं बांधण्यापेक्षा जास्त आवडायला लागलंय! बायको म्हणते, एवढ्या प्रेमानं कधी मिक्सर पुसला नाहीस.

आई शेजारी बसून बाबांच्या माशांना नायलॉनचे तुकडे बांधत होत्या. प्रत्येक माशीला वीतभर नायलॉन, टोकाला फास. नदीवर फासात फास अडकवला की काम झालं. मी विचारलं, "बाबा स्वतः नाही बांधत?" आई म्हणाल्या, "लाडावलेत." मी मदत करू म्हटलं, तर त्यांनी डबी पटकन मिटवली.

९ मार्च

आज जरा गंमतच झाली. रीळ संपलं, बाबा फिरायला गेलेले, म्हणून खिडकीतल्या फळीवरून त्यांचं बॉबिन घेतलं. दोरा ओढला तर येईचना. नळीत मेण दगडासारखं. वरचा दोरा उन्हानं विटलेला, आतला गडद. त्यांच्या व्हाइसच्या जबड्यावर तेल, आणि तेलावर धूळ बसलेली.

मला रोज घासायला लावतात आणि स्वतःचं हे! चोरून हसलो. दुसरा संच असेल कुठेतरी. डॉक्टरांची औषधं नेहमी दुसऱ्यांसाठीच असतात.

ठेवून दिलं जागच्या जागी.

२१ मार्च

नाही म्हणाले.

मोसम उघडतोय. मी आज सगळ्यात चांगली राखाडी बांधली. स्वतःची स्तुती नको, पण मीच गिळली असती! बाबांनी बोट फिरवलं. म्हणाले, "माशी चांगली आहे." मी उभाच राहिलो. "पण यंदा नाही. पुढच्या मोसमात बघू."

का? काय चुकलं? विचारलं तर खिडकीकडे बघत म्हणाले, "जीपमध्ये जागा नाही." चौघांची जीप आणि विमा एजंट गेल्यापासून तिघंच जातात. मला काय मोजता येत नाही?

घरी येऊन बायकोवर उगाच ओरडलो. मग सॉरी म्हटलं. फार वाईट वाटतंय.

२ एप्रिल

जीप गेली. मी हात हलवला नाही.

३ एप्रिल

मोठ्ठा मासा! बाबांनी धरला! जीप चालवतात ते निवृत्त फौजदार काल संध्याकाळी गल्लीभर ओरडत आले. एवढा मासा गेल्या कित्येक वर्षांत कुणाला मिळाला नव्हता. राखाडीवर! आज सगळ्यांना जेवायला बोलावलं. फौजदार हात फैलावून मासा दाखवत होते, आणि प्रत्येक खेपेला मासा वाढत होता.

बाबा मात्र चिडचिडे. एवढा मासा मिळूनही! कारण विचारलं तर कळलं, की फौजदारांनी ती माशी परस्पर गळवाल्याला देऊन टाकली. मोसमातल्या पहिल्या मोठ्या माशाची माशी त्याच्या दुकानात काचेत लागते, खाली धरणाऱ्याचं नाव. बाबा म्हणाले, "काचेत कशाला? परत आणा ती." फौजदार म्हणाले, "आता कसली परत! रविवारी लागणार. मी स्वतः भिंग घेऊन बघणार आहे तुमची कारागिरी."

मी मनापासून अभिनंदन केलं. जळलो नाही असं नाही.

४ एप्रिल

जेवणही न करता लिहायला बसलोय!

परत धार लावायला टाकलेली कात्री आणायला गळवाल्याकडे गेलो. गल्ल्यावर बशीत ती माशी, अजून काचेत बसवायची होती. सहज उचलली. राखाडी अंग. झालर. तांब्याची तार.

तार उलटी!

माझी! माझी माशी! मी बांधलेली! सोलली नाही, बाद नाही, बाबांनी ती घेऊन मासा धरला आणि वर मिशीला पीळ! ज्यानं त्यानं स्वतःची बांधायची म्हणे! विमा एजंट अर्ध्या वाटेत उतरला आणि हे? माझ्या माशा चोरायच्या आणि मलाच जीपमध्ये जागा नाही?

गळवाल्याला बोलणार होतो. नाही बोललो. पहिला मान बाबांचा. उद्या जाऊन जाब विचारणार. तोंडावर. सरळ डोळ्यात बघून! सगळ्यांना कळलं पाहिजे मासा कुणाच्या माशीवर आला ते. खरं सांगू? राग आहे, पण आनंदच जास्त आहे. माझ्या माशीवर!

५ एप्रिल

बाबा फिरायला गेले होते. आई एकट्याच स्वयंपाकघरात. मी तावातावानं सुरू केलं, "आई, बाबांच्या डबीतल्या सगळ्या माशा कुणाच्या?"

आईंनी गॅस बंद केला. म्हणाल्या, "तुमच्या."

मग सगळं सांगितलं. बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. वरचेवर वाढतंय. इलाज नाही म्हणतात. कडेचं दिसतं. रस्ता दिसतो, पाणी दिसतं, पाण्यावर मासा उसळला तर कळतो. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. गळ नाही, दोरा नाही, अक्षर नाही. वर्ष झालं, त्यांनी एकही माशी बांधली नाही. मला शिकवलं ते त्यासाठी. जीपमध्ये घेतलं नाही, कारण नदीवर डबी उघडली की मी ओळखलं असतं.

"मुलीलाही सांगितलेलं नाही," म्हणाल्या. "चौकडीला कळलं तर ते काही म्हणणार नाहीत हो. पण हे स्वतःच जीपमधून उतरतील. स्वतःचा नियम आहे ना! आणि नदी सुटली तर..." त्या ओटा पुसायला लागल्या.

मी म्हटलं, "म्हणून माझ्याकडे बघत नाहीत?"

"अहो, समोर बघितलं तर तुमचा चेहराच पुसला जातो. खिडकीकडे बघितलं की कडेनं दिसता. तुम्ही आलात की आधी खिडकीकडे मान वळवतात, बघितलंत ना?"

बघितलं होतं. वर्षभर बघत होतो. मूर्ख मी! सिंकपाशी उभा राहून रडलो. आईंनी पदरानं नाक पुसायला दिलं, मी काय लहान आहे? पुसलं.

६ एप्रिल

गळवाल्याकडून माशी परत आणली. "बाबांना झालर नीट करायचीय, रविवारच्या आत देतो." तो म्हणाला, "न्या की."

कचेरीत रजा टाकली. उजव्या हातानं बॉबिन धरलं. दोरा गळावरून पलीकडे. तार पलीकडे. परत झुरळ! पहिल्यापासून सुरुवात. पण यंदाची डबी भरायची तर हाच हात लागणार.

९ एप्रिल

काचेत नवी माशी लागली. डोकं जरा जाड, तार सुलट. फौजदारांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "हात तो हात!"

संध्याकाळी दवाखान्यात दुसरी बांधली, बाबांच्या तळहातावर ठेवली. नख तारेवरून गेलं. थांबलं. परत फिरवलं.

"पुढच्या रविवारी जीप येईल," म्हणाले. "चला."

खिडकीकडे बघून. अगदी नीट बघून.